हातात धरायची फुलं

देवासात देवीच्या टेकडीच्या पायथ्याशी सत्तावीस वर्षं मी हार ओवतेय. देवीचे, नवरानवरीचे, पुढाऱ्यांचे. मालनबाईचा हार म्हटलं की कुणी घासाघीस करत नाही. आणि माझ्याच पोरीनं, गुंजननं, लग्नाला महिना उरलेला असताना मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. म्हणाली, "आई, मला असा बुके पाहिजे. मेडिटेरेनियन."

"काय गं ते? औषध आहे का?"

"अगं, तिकडे समुद्राकाठी असतं ना, पांढऱ्या भिंती, निळे दरवाजे, तशी थीम. लुक तिकडचा, पण फुलं अपने सीझनची. तू निवड."

फोटो बघून माझं डोकंच गरगरलं. पाला जास्त, फुलं कमी, बकरीनं अर्धं खाऊन सोडल्यासारखं. वर एकेका फुलाला वीतभर देठ.

"ह्याला ओवायचं कसं?"

"ओवायचं नाही गं. धरायचं."

"कशाला?"

"बस, धरायचं. तुला नसेल जमत तर इंदूरहून मागवते."

इंदूरहून! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हार तर आधीच धारच्या डेकोरेशनवाल्याकडे गेले होते, सासरच्यांच्या पॅकेजमध्ये. आता हेही?

त्यात आमच्यात मंगलाष्टकं चालू असताना नवरीची आई मांडवात नसते. मागे तुळशीपाशी पाठ करून बसते. माझी आई तशीच बसली होती. यावरून गुंजन माझ्याशी दोनदा भांडली, मी ऐकलं नाही. रीत म्हणजे रीत. पण खोटं कशाला बोलू, हार पोचवायला जाऊन खांबाआडून मी कितीतरी पोरींची लग्नं बघितली आणि स्वतःच्या पोरीचंच बघणार नाही, याचं फार वाईट वाटत होतं. मी नाही तर निदान माझी फुलं तरी तिथे असावीत, एवढंच मला हवं होतं.

म्हणून म्हटलं, करते. आणि तिथूनच घोळ सुरू झाला. मंडईतून फुलं येतात ती पोत्यात भरून, बिनदेठाची. हाराला देठ लागतोच कुठे? मोगऱ्याच्या कळ्या तारेत गुंफून बघितल्या, तर मुंडावळ्या दिसायला लागल्या. गुलाब आणले, पण वैशाखातला गुलाब, दुपारी मान टाकून मोकळा. झेंडू धरला तर गुंजन म्हणाली, "आई, ये तो गाडीपूजा लग रही है."

शेवटी नीलकंठ सरांना विचारलं. शाळेत भूगोल शिकवायचे, आता रोज देवीला हार नेतात. फोटो बघून म्हणाले, "मालनबाई, त्या समुद्राकाठी कण्हेर रानोमाळ असते."

"कण्हेर? बायपासवर दुभाजकात आहे ती?"

"तीच. डाळिंबं आणि लिंबंही होतात तिकडे."

मी चक्रावलेच. एवढ्या लांबचा देश, आणि झाडं आमच्या परसातली? मग तिकडचं म्हणजे नेमकं काय? कण्हेरीला मी नको म्हटलं. तिचा चीक विषारी, नवरीच्या हातात कशी देऊ? पण डाळिंब पटलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी मी तिरल्याला भावाकडे, दत्ताजीकडे गेले. लग्न धारला, ते तिथून जवळच. त्याच्या वाडीत डाळिंब लालबुंद फुललेलं, लिंबालाही पांढरा बहर. पहाटे पहिल्यांदा देठासकट फुलं कापली, तेव्हा हातच धजेना. डाळिंबाची बारीक पानं, लिंबाच्या डहाळ्या, मध्ये मोगऱ्याच्या कळ्या, देठांवर केळीच्या खोडाचा सोप गुंडाळला. हे बरोबर की चूक, काही कळत नव्हतं. धारला मांडवात गुंजननं तो हातात घेतला, वास घेतला आणि नुसती "हं" म्हणाली. आवडला का नाही, देव जाणे.

मुहूर्त सकाळचा होता. मी मांडवामागे तुळशीच्या कुंडीपाशी जाऊन बसले, पाठ करून. अंतरपाट धरला असेल, एवढ्यात दत्ताजी धावत आला. मामा म्हणून गुंजनला बोहल्यावर त्यानंच नेलं होतं.

"ताई, चल आत. पोरगी हारच घेत नाहीये!"

"का? काय झालं?"

"दोन्ही हातांत बुके धरून उभी आहे. कुणाला देत नाही."

"मैत्रिणीला दे म्हणावं!"

"सगळ्यांना नाही म्हणाली. म्हणते, ज्यानं बांधलाय तोच धरेल."

मुहूर्त टळेल म्हणून पळतच आत गेले. गुरुजी घड्याळाकडे बघत होते, वऱ्हाड माझ्याकडे. माझ्या हाताला अजून तुळशीची माती.

"अगं, वेड लागलंय का तुला?" मी दबक्या आवाजात ओरडले.

"हार घालायला दोन्ही हात लागतात, आई," ती म्हणाली. "हा कुणीतरी धरायला नको का?"

"म्हणजे यासाठी मला महिनाभर वेडं केलंस? तो समुद्र, त्या भिंती?"

"नुसतं ये म्हटलं असतं, तर आली असतीस?"

मागून कुणीतरी रीतीचं काही पुटपुटलं. मी बुके घेतला, गुंजननं हार उचलला आणि गुरुजींनी मंगलाष्टकं सुरू केली. कुठे बघावं तेच कळेना. आधी फुलांकडे बघितलं, मग पोरीकडे. शेवटपर्यंत पोरीकडेच.