पाण्याचा नेम

देवापुढच्या तांब्यातलं पाणी रोज हॉलमधल्या वेलीला घालायचं, हा माझा नेम. वेल सुनेची, तिनंच काठीवर चढवलेली. महिनाभरात पानं पिवळी पडली, तेव्हा मी नणंदेसमोर बोलून गेले, "हिच्या हाताला गुणच नाही."

रविवारी आम्हा दोघींसमोर सुनेनं कुंडी उपडी केली. मुळं काळी, कुजलेली, वास मारत होती.

नणंद हसली. "वहिनी, तू तर बिचारीला जलसमाधीच दिलीस!"

"पाणी जास्त होतंय, हे तुला कळलं नाही?" मी सुनेला विचारलं.

"कळलं होतं, आई. तुम्ही जपाला बसलात की मी कुंडीखालच्या ताटलीतलं पाणी ओतून द्यायचे. तुमचा नेम मोडायला नको, म्हणून बोलले नाही."

माझी मान वर होईना. तशीच नणंदेला म्हटलं, "वेल माझ्या हातानं कुजली, हिच्या नाही."

सुनेनं तोवर वेलीचा एक हिरवा तुकडा कापून काचेच्या बरणीत ठेवला होता. दुसऱ्या दिवशी मी तांब्या घेऊन नुसतीच उभी राहिले.

"बरणीत घाला की, आई," ती म्हणाली. "याला पाणीच लागतं."

तिच्या त्या मायेनं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.