पेन खाली ठेवलं की

प्राध्यापकपद इमोजेनच्या अगदी हाताशी आलं होतं, आणि तविता या तिच्या सहकाऱ्याला नेमकं आजच तोंड उघडायचं सुचलं. दोघं वर्षानुवर्षं एकाच प्रयोगशाळेत. ती नर्सना बसवून नव्या यंत्रांची चाचणी घ्यायची, तो काचेमागून चित्रण करायचा.

"रागावू नकोस. जुनी चित्रणं परत बघितली मी," तो म्हणाला. "नर्सचं बोट बरोबर बटनापाशी आलं की तू पेन खाली ठेवतेस. दर वेळी. नर्स पंपाच्या पडद्याकडे नाही, तुझ्याकडे बघून बटन दाबतात."

"काहीतरीच."

"बघ की स्वतः."

तिनं बघितलं. दर वेळी पेन खाली. सलाइनच्या पंपाचा हा पडदा तिनंच आखलेला. नवा डोस टाकून 'पक्का करा' दाबलं नाही, तर आधीच्या रुग्णाचाच डोस सुरू व्हायचा. आजवर एकही नर्स चुकली नाही, याच जोरावर पंप वॉर्डात जाणार होता आणि इमोजेन वरच्या खुर्चीत. चाचणीत सुचवायचं नाही, मानसुद्धा हलवायची नाही, हे ती विद्यार्थ्यांकडून घोकून घ्यायची. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

"आज निवड समिती येतेय बघायला. आजचा दिवस जाऊ दे."

"मी बसेन गं गप्प. पंप बसेल का गप्प?"

मेरेआना ही वॉर्डातली जुनी नर्स पंपासमोर बसली. नळीखाली बादली, पंपात साधं पाणी. काचेमागे समिती.

"मनात येईल ते मोठ्यानं बोला," इमोजेन म्हणाली.

"डोस टाकला... आता?" मेरेआनाचं बोट 'पक्का करा'वर घुटमळलं. तिनं इमोजेनकडे बघितलं.

नुसतं पेन टेकवायचं होतं. कुणाच्या बापाला कळलं नसतं. इमोजेननं पेन खिशात घातलं आणि हातही खिशातच ठेवला.

बोट सरकलं. मेरेआनानं 'सुरू' दाबलं. बादलीत भसाभस पाणी पडायला लागलं.

"अगं बाई, जुनाच डोस गेला की! माझंच डोकं चालेना बघा. माफ करा हं."

चूक तुमची नाही, पडद्याची आहे, हे वाक्य इमोजेन प्रत्येक चाचणीत पाठ म्हणायची. आज ते म्हणायच्या आधीच काचेमागे खुर्च्या सरकल्या. पद गेलं, हे तिला तेवढ्यावरून कळलं आणि रडूच आलं.

"चूक पडद्याची आहे," ती कशीबशी म्हणाली. "आणि पडदा माझा आहे."

"ते असू दे हो. पण हा पंप बंद कुठून करायचा?"

इमोजेननं उठून वायर उपटली.