टोपणाआडचे पितर

सुकापूरच्या एका हॉलमध्ये भर दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. पडद्यावर रात्रीच्या आकाशाचा फोटो, त्यात लाल, निळे, हिरवे ठिपके.

"हे तारे नव्हेत, अज्ञानी जनहो, तुमचे पितर आहेत!" तारकानाथ महाराज गरजले. "गेल्या तीन महिन्यांतले सगळे फोटो बघा. एकही जागचा हललेला नाही!"

ज्यांच्याशी जिवंतपणी बोलायला सवड नव्हती, त्यांना ठिपक्यांत ओळखून माणसं हुंदके देत होती.

कादंबरी दात-ओठ खात ऐकत होती. ती कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची आणि छंद म्हणून कर्नाळ्याच्या बाजूला जाऊन आकाशातल्या तेजोमेघांचे, म्हणजे नेब्युलांचे, फोटो काढायची. विचुंब्याची तिची शेजारीण गोदूमावशी तिला हट्टाने इथे घेऊन आली होती. एक लाल ठिपका म्हणजे म्हणे मावशीचा अपघातात गेलेला मुलगा जगन. सुई टोचलीस तर त्याचा आत्मा घाबरून पळेल, असं सांगून महाराजांनी तिचं इन्सुलिन बंद करवलं होतं. आठ दिवसांत बाई निम्मी झाली होती.

कादंबरी उठली. "महाराज, तारे रात्रभर सरकतात. मग हे ठिपके फोटोत एकाच जागी कसे? तुमच्याच कॅमेऱ्याला टोपण लावून इथंच एक फोटो काढू या."

महाराज कुरकुरले, पण लोकच म्हणाले, "काढा, काढा!"

टोपण घट्ट लावून तीन मिनिटांचा फोटो घेतला. पडद्यावर तेच ठिपके!

"आत्म्याला टोपण काय अडवणार?" महाराजांनी लगेच सावरून घेतलं. त्यावर टाळ्यासुद्धा पडल्या.

कादंबरीने बाहेरच्या मासळीवालीकडून बर्फाचा खोका आणला. कॅमेरा प्लास्टिकमध्ये गुंडाळून अर्धा तास त्यात ठेवला आणि पुन्हा तसाच फोटो काढला. बहुतेक ठिपके गायब. तो लालही.

गोदूमावशी उभी राहिली. "माझा जगन पहाटे बर्फात हात घालून मासळी भरायचा. तो बर्फाला भिऊन पळाला? नाय! तुमी मला फसवलंत!"

महाराजांना अचानक दुसऱ्या गावचा कार्यक्रम आठवला.

"एका फोटोसाठी कॅमेरा बराच वेळ चालू ठेवला की तापतो," कादंबरीने लोकांना सांगितलं. "मग आतल्या सेन्सरचे काही बिंदू उजेड नसतानाही पेटतात. म्हणून आम्ही कॅमेरा थंड ठेवतो, टोपण लावून एक फोटो घेतो आणि त्यातले ठिपके आकाशाच्या फोटोतून वजा करतो. आम्ही जो कचरा काढून टाकतो, त्याला या महाराजांनी हार घातले."

तिथून दोघी थेट दवाखान्यात गेल्या. डॉक्टरांनी साखर तपासली आणि मावशीने इन्सुलिनच्या सुईसाठी दंड पुढे केला.

गेलेल्या माणसासाठी जीव तुटतो, त्यात लाज कसली? पण त्या दुःखाचं दुकान मांडणाऱ्याच्या पाया पडण्याआधी त्याला एक प्रश्न विचारा. जे खरं असतं, ते प्रश्नाने मोडत नाही.