थांबायला लागणारा वेळ

उजव्या कोपराने कागद दाबून धरत त्याने डाव्या हाताने वर्तुळ काढलं. ते अंड्यासारखं झालं. बायकोने शिलाई मशीनवरून मान वर केली. त्याच्या उजव्या हाताला अंगठा तेवढा उरला होता आणि डाव्याला वळण लावणं अजून चाललंच होतं.

अपघातानंतर कारखान्याने त्याला स्टोअरच्या खुर्चीवर बसवलं. तिथे गंजून जायचं नव्हतं, म्हणून त्याने संध्याकाळच्या डिप्लोमाला नाव घातलं. बाकीचे विषय जमले. गतिशास्त्राने मात्र घाम फोडला. सरांचं एकच पालुपद असायचं, नुसतं वाचू नका, गणितं सोडवा.

आजचं गणित फ्लायव्हीलचं होतं. जड चाक, अमुक वेग, बेअरिंगचं अमुक घर्षण. मोटर बंद केल्यावर चाक किती वेळात थांबेल?

त्याने उत्तर काढून पुस्तकाच्या मागे ताडून पाहिलं. बरोबर होतं. एरवी अशा वेळी तो "जमलं गं!" म्हणून ओरडायचा. आज तो कागदाकडे नुसता बघत राहिला. मग त्याने कोरा कागद ओढला.

या खेपेचे आकडे पुस्तकातले नव्हते. पत्रा वाकवायच्या ज्या मशीनवर त्याने उमेदीची वर्षं काढली, त्याच्या चाकाचे होते. वजन, व्यास, फेरे तोंडपाठ. घर्षण तेवढं अंदाजाने धरलं. उत्तर आलं नऊ सेकंद. घर्षण दुप्पट धरून पाहिलं, तरी साडेचार.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"लंबूने बटण दाबलं होतं."

शिलाई मशीन थांबलं. दोन वर्षांत ते नाव या घरात कुणी उच्चारलं नव्हतं.

लंबू त्याचा मशीनवरचा जोडीदार. हातमोजा रोलरमध्ये ओढला गेला आणि हा किंचाळला, तेव्हा मशीन बंद करायच्या बटणापाशी लंबूच उभा होता. तरी रोलर फिरतच राहिले. "दाबलं होतं रे, देवाशप्पथ," दवाखान्यात लंबू रडत सांगत होता. याने भिंतीकडे तोंड फिरवलं. पुढे लंबूने नोकरी सोडल्याचं कानावर आलं, तेव्हाही याने हूं की चूं केलं नाही.

"जेवून तरी जा," बायको म्हणाली.

तो चपला घालून बाहेर पडला होता.

लंबू आता एका रोपवाटिकेत कामाला होता. उकिडवा बसून पिशव्यांत माती भरत होता. याला बघून तो हळूच उभा राहिला. नजर मात्र वर आली नाही.

"हे बघ," याने कागद पुढे केला.

"मला काय कळतंय त्यातलं?"

"तू लगेच दाबलंस. मशीनच लगेच थांबणारं नव्हतं. मोटर बंद झाली तरी चाकात जोर होता. तो संपेपर्यंत रोलर फिरणारच."

लंबूने कागद हातात घेतला. मातीची बोटं कडेला उमटली.

"मला वाटायचं, चुकीचं बटण दाबलं असणार," तो म्हणाला. "नाहीतर दाबलंच नसणार, दाबलं असं मनाने घेतलं असणार. बायकोला सांगितलं, आईला सांगितलं, की दाबलं होतं. पुढेपुढे माझाच माझ्यावर विश्वास राहिला नाही."

"बरोबरच दाबलं होतंस."

आणखी खूप बोलायचं तो रस्ताभर ठरवत आला होता.  त्याऐवजी त्याने आपला उजवा हात, आजवर कुणापुढे न काढलेला, लंबूच्या दंडावर ठेवला. लंबू अवघडला, पण सरकला नाही.

कागदाकडे बघत लंबूने विचारलं, "मग त्या चाकाला ब्रेक नको?"

"हवा. किती जोराचा, ते पुढच्या धड्यात आहे. अजून केला नाही."

"कारखान्यात बसवला का कुणी?"

"नाही."

"मग आता कोण असतं त्या मशीनवर?"

 रोज स्टोअरच्या खिडकीतून त्या माणसाला हाच हातमोजे द्यायचा. गेल्याच आठवड्यात त्या माणसाने मुलगी झाल्याचे पेढे दिले होते.

"पाळी चालू असेल आत्ता?" लंबूने विचारलं.

"असेल."

लंबूने हात पँटला पुसले, कागदाची नीट घडी घालून ती याच्या खिशात सरकवली. "चल."

कारखान्याचा रस्ता लंबूने इतके दिवस टाळला होता. आज तोच पुढे चालत होता.