खोट्या सुऱ्याची जबानी

माझे पाते जिथे मुठीत शिरते, तिथे तांदळाच्या दाण्याएवढा एक तपकिरी डाग आहे. लांबून पाहणाऱ्याला तो वाळलेल्या रक्ताचा वाटतो. तो गंजाचा आहे. रक्ताचा डाग धुतला की फिकट होतो. हा धुतला तर आणखी पसरतो.

मी एक जुना सुरा आहे, मित्रांनो, आणि खोटा आहे. मला धार नाही. माझे टोक घासून बोथट केलेले आहे. मूठ आतून पोकळ असून तिच्यात एक स्प्रिंग बसवलेली आहे. मला कोणाच्या अंगावर दाबले, की पाते मुठीत सरकते आणि बघणाऱ्याला वाटते, सुरा थेट बरगडीत घुसला. दाब काढला, की पाते पुन्हा बाहेर. एवढीच माझी करामत. तिला एक अट आहे. मला सरळ दाबावे लागते. दाब तिरका पडला, तर पाते मुठीच्या कडेला घासते आणि अडते.

माझा जन्म झाला त्या कारखान्यात खेळणी आणि दारांच्या कड्या बनत. मला खोक्यात घालताना कारागिराने ही अट चांगली मोठ्याने सांगितली होती. "सरळ धरायचा बरं का! तिरका धरलात तर मग माझ्या नावाने खडे फोडू नका." ज्यांनी ऐकायचे, ते तेव्हा बशीत चहा ओतत होते.

त्यांनी मला एका विनोदी खूनमालिकेसाठी घेतले होते. दर आठवड्याला एक खून आणि दर आठवड्याला हसू, अशी ती मालिका. तिच्यात एक गोड बाई असते. हातात विणकाम, ओठांवर साखर, आणि पोलिसांच्या आधी खुनी शोधून काढायची खोड. तिची मदतनीस म्हणजे एक वेंधळी मुलगी. या दोघी खऱ्या आयुष्यात सख्ख्या बहिणी. बाई झालेली ती ताई, आणि वेंधळी झालेली ती धाकटी.

मालिकेचा एक रिवाज होता. शेवटच्या प्रसंगात बाई सगळ्या संशयितांना एका खोलीत जमवायची. "खून कसा झाला, ते दाखवते हं," असे म्हणायची, आणि गर्रकन वळून मला आपल्या मदतनिसाच्या पोटात खुपसायची. धाकटी दर वेळी नव्या तऱ्हेने पडायची. कधी केकमध्ये, कधी माशांच्या टाकीत, एकदा तर फौजदाराच्या मांडीवर. तुम्ही पोट धरून हसत होता. मी पाहिले नाही, पण पुढचा भाग निघत राहिला, म्हणजे हसत असणार. त्या हसण्याबद्दल मी तुमचे आभार मानणार नाही.

सुरुवातीची वर्षे बरी गेली. सामानाची पेटी एका म्हाताऱ्या गृहस्थांकडे होती. सगळे त्यांना पेटीमामा म्हणत. आमचे रक्त म्हणजे साखरेचा लाल रंगवलेला पाक. काम संपले, की मामा मला कोमट पाण्याने धूत, फडक्याने कोरडा करत आणि मुठीत शिवणयंत्राच्या तेलाचा थेंब सोडत. मग स्वतःच्या तळहातावर मला सरळही दाबत आणि तिरकाही. "नीट मार रे बाबा," असे म्हणून ते पेटी लावत. ताईंच्या मुलाखतीबरोबर एकदा माझे छायाचित्रही छापून आले. खाली लिहिले होते, 'सर्वांचा लाडका सुरा'.

मामा थकले आणि घरी बसले. त्यांच्या जागी कोणी आले नाही. ज्याचा हात रिकामा, त्याने पेटी उचलायची, असे ठरले. आणि ज्या कामाला सगळे धनी असतात, त्याला कोणीच धनी नसतो. लाडका सुरा पाकासकट पेटीत पडू लागला. पाक मुठीत झिरपून वाळला. त्याच्यामागोमाग मुंग्या आल्या आणि ओल राहिली तिथे गंज चढला. मी सरकताना करकरू लागलो. चित्रीकरणातून तो आवाज काढून टाकणे सोपे होते. पुढे संगीत होतेच.

धाकटीच्या बरगडीखाली तेव्हापासून एक काळानिळा डाग दिसू लागला. एक जुना होऊन पिवळा पडे, तोवर त्याच्या शेजारी दुसरा उठे. रंगपटाच्या खोलीत ती एकदा ताईंना तो दाखवत होती. मी तिथेच, पावडरच्या डब्याशेजारी पडलो होतो.

"जाड बनियन घाल मग," ताई आरशातूनच म्हणाल्या.

"घातलंय."

"दोन घाल."

"ताई, सुरा अडतोय. तू जरा हलका हात ठेव ना."

"माझा हात हलकाच आहे. तुझंच अंग नाजूक. लहानपणीही टाचणी टोचली तरी गाव गोळा करायचीस. तुला इथे कोणी आणलं, आठवतंय ना? उद्या निघून गेलीस तर आईला काय तोंड दाखवशील?"

ताई बाहेर गेल्यावर धाकटी आरशासमोर उभी राहिली. तिचे ओठ काहीतरी बोलण्यासाठी हलले, पण आवाज निघाला नाही. हे मी त्या खोलीत कितीतरी वेळा पाहिले. वाक्य प्रत्येक वेळी ओठांपर्यंत येई आणि परत जाई. अडण्याबद्दल मला जरा जास्त कळते. म्हणून सांगतो, ती भित्री नव्हती. ती अडली होती.

मग बेकरीवाल्याच्या खुनाचा भाग आला. बेकरीचा मालक पिठाच्या ढिगात मरून पडलेला सापडतो. आमची गोड बाई ओळखते, की खुनी डावखुरा आहे, कारण पीठ त्याच्या डाव्या बाहीला लागलेले असते. हुशारीची गोष्ट होती. पण त्यामुळे शेवटच्या प्रसंगात ताईंना मला डाव्या हातात धरावे लागणार होते, आणि ताई उजव्या हाताच्या. यात काय होईल, ते कोणी पाहिले नाही.

"दाखवते हं," ताई म्हणाल्या आणि वळल्या. डाव्या हाताने वार तिरका बसला. पाते अर्ध्यावर अडले. धाकटी किंचाळली आणि पिठात कोसळली.

दिग्दर्शक खुर्चीतून उडालाच. "वा! काय किंकाळी! इतकी वर्षं कुठे लपवली होतीस?"

"खरंच लागलंय," धाकटी म्हणाली. "सुरा आत जात नाहीये. बघा एकदा."

त्याने मला उचलले आणि तळहातावर दाबले. सरळ. मी करकरलो, पण आत गेलो.

"हे बघ. लोण्यासारखा जातोय. उगाच काय! चला, कॅमेरा हलला होता, पुन्हा घेऊ. किंकाळी मात्र अशीच पाहिजे."

सरळ दाबून त्याने माझ्या निर्दोषपणाचा दाखला दिला. ज्या दिशेने मी दगा देतो, त्या दिशेने मला कोणी तपासलेच नाही. खून शोधायची मालिका काढणाऱ्यांची ही अक्कल!

दुसऱ्या वेळीही वार तिरकाच आला. मी पुन्हा अडलो. आणि आता जे सांगतो, ते माझ्याशिवाय कोणी पाहिलेले नाही. स्प्रिंगचा दाब मऊ असतो, हाडाचा कठीण. धरणाऱ्याच्या बोटांना तो फरक कळतो. ताईंच्या बोटांना तो कळला. क्षणभर ती सैल झाली. मग पुन्हा आवळली आणि मला आणखी आत रेटले.

"झकास!" दिग्दर्शक ओरडला. "फक्त पडताना तोंड झाकलं गेलं. अजून एकदा."

कोणीतरी मला पावाचे पीठ मळायच्या टेबलावर टाकले. तुम्हाला सांगायचे ते आताच सांगतो, मित्रांनो. तुमच्या घरातली कात्री करकरत असेल, कुलूप अडत असेल, तर त्यात तेल घाला. त्याच्यावर जोर करू नका. वस्तू बोलू शकत नाहीत, म्हणून त्या कुरकुरतात. आणि माणूस बोलू शकत असूनही नुसता कुरकुरत असेल, तर त्याच्याजवळ आधी जा. तपासायचे असेल तर जिथे दुखते तिथे तपासा, जिथे सोयीचे आहे तिथे नको. तुम्ही ऐकाल, अशी मला फारशी आशा नाही. ऐकणारा हात मी एकच पाहिला आहे, आणि तो पेटीमामांचा होता.

"पीठ पसरा परत," दिग्दर्शक म्हणाला. "प्रेत जागेवर!"

धाकटी पिठातच बसून होती. तिने बरगडीवर हात धरला होता. बोटांमधून लाल दिसत होते, आणि त्याला साखरेचा वास नव्हता. ते तिने पाहिले. मग ताईंकडे पाहिले. ताईंनी नजर माझ्याकडे वळवली, जणू उत्तर मी देणार होतो.

"आता काय, मुहूर्त काढायचाय?" ताई म्हणाल्या. "सगळे खोळंबलेत. ऊठ आणि नीट मर."

धाकटी उठली. अंगावरचे पीठ तिने झटकले नाही. तिचे ओठ हलले, आणि या खेपेला आवाज बाहेर आला. तो वेंधळीचा किनरा आवाज नव्हता. तो हळू होता, पण बेकरीत शेवटच्या दिव्यापर्यंत पोचला.

"नाही, ताई. तुझ्या हातून मी पुन्हा मरणार नाही. आईला काय सांगायचं, ते मी सांगेन. हे काम मी सोडलं."