मामाची गाडी

समृद्धीच्या लग्नादिवशी सकाळी बाळासाहेबांनी गाडीचं बटण दाबलं आणि गाडी सुरूच झाली नाही. स्टिअरिंगच्या मागचे दिवे मिणमिणले, आत कुठेतरी टकटक झाली आणि सगळं विझलं. पुन्हा दाबलं, तर मिणमिणणंही गेलं.

बाळासाहेब मंचरचे, बांधकामाचे ठेकेदार. माणूस वाईट नव्हता, पण संशयी इतका की मिठाईवाल्याने पेढा चाखायला दिला, तरी हा का देतोय याचा आधी विचार करणार. मढला बहिणीच्या, शीलाच्या घरी ते आदल्या संध्याकाळी नवीकोरी हायब्रीड गाडी घेऊन आले होते. साल दोन हजार दहा. पेट्रोल आणि बॅटरी दोन्हीवर चालणारी गाडी मढमध्ये तोवर कुणी पाहिली नव्हती. उतरल्या उतरल्या त्यांनी सांगून टाकलं, की नवरी नारायणगावच्या कार्यालयात मामाच्याच गाडीतून जाईल. बोहल्यावर तिला हाताला धरून नेण्याचा आणि तिच्या पाठीशी उभं राहण्याचा मान मामाचा, आणि समृद्धी त्यांची एकुलती एक भाची. तिच्या बारशापासून ते या दिवसाची वाट बघत होते.

शीलाचा धाकटा दीर गोरख मढ-जुन्नर रस्त्यावर माणशी भाडं घेऊन वडापची जीप चालवायचा. रात्री पंगतीत तो म्हणाला होता, "पावणं, तुमची गाडी लई भारी. पण आमच्या रस्त्याला जीपच लागती." सगळे हसले. बाळासाहेबही हसले, पण त्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. आणि सकाळी गाडी बंद!

गोरख तोंडात ब्रश घेऊनच आला. गाडीत डोकावला.

"बॅटरी उतरली असंल, पावणं. रातभर आतला दिवा जळत व्हता. वायरी आणतो, जीपवरनं करंट दिऊ. लगीच व्हईल."

"दिवा मीच लावला होता," बाळासाहेब म्हणाले. "हिची बॅटरी अख्खी गाडी ओढते. तिला बोटाएवढा दिवा जड होणार? आणि न उघडता तुला बरं कळलं बॅटरीचं?"

गोरखने ब्रश तोंडातून काढला. "म्हंजी?"

"म्हणजे काय ते तुझं तुला ठाऊक."

गोरख पाठ फिरवून आत गेला. बाळासाहेबांना ती कबुलीच वाटली. आधी गाडी बंद पाडायची, मग चारचौघांत चालू करून दाखवायची, नाहीतर नवरी जीपमध्ये घालायची. काही झालं तरी नाक आपलंच कापलं जाणार. त्यांनी बॉनेट निरखलं. त्यावर बोटांचे ठसे होते. शीलाच्या सासूने, अंबाबाईंनी, काल गाडी ओवाळून हळदकुंकू लावलं होतं त्याचे ते ठसे, पण बाळासाहेबांनी तेही वाकून वाकून पाहिले.

मोबाइलला रेंज मिळेना. देवळाच्या पारावर चढून त्यांनी पुण्याला कंपनीत फोन लावला. तिकडून सांगण्यात आलं, माणूस पाठवतो, तोवर कुणाला हात लावू देऊ नका. शॉक बसेल म्हणून ते तसं म्हणाले होते. बाळासाहेबांना मात्र वाटलं, कंपनीलासुद्धा शंका आली!

वऱ्हाड निघायची वेळ झाली. मुंडावळ्या बांधलेली समृद्धी जीपजवळ थांबली. "मामा, राहू द्या ना गाडी. माझ्याशेजारी बसा."

"तू हो पुढं. मी आलोच मागोमाग."

गोरख जीपमधून त्यांच्याकडे न बघता म्हणाला, "बसा पावणं. गाडीला काय कोण खातंय?"

एवढं बोलला आणि सगळं बिघडलं. हा मला गाडीपासून लांब न्यायला का टपलाय? बाळासाहेबांनी दार उघडलं, गाडीत बसले आणि आतून लॉक लावलं. शीलाने जीपमधून दोनदा मागे वळून पाहिलं. मग जीप वळणाआड गेली.

गाव रिकामं झालं. रस्त्याने कुणी गेलं की बाळासाहेब काचेतून मान उंच करत. उकाड्याने जीव नकोसा झाला, तरी ते हलले नाहीत.

कंपनीचा माणूस आला तेव्हा ऊन डोक्यावर होतं. त्याने डिकी उघडली, मीटर लावून पाहिलं आणि विचारलं, "दिवा राहिला होता का चालू?"

"हो. पण एवढी मोठी बॅटरी..."

"साहेब, हिला दोन बॅटऱ्या. गाडी ओढते ती मोठी, ती भरलेलीच आहे. पण तिला जागं करते ही लहान. दिव्याने लहान संपली."

"कुणी काही काढलंय का? वायर, फ्यूज?"

"नाही. सगळं जागच्या जागी आहे."

"नीट बघा."

त्याने नीट बघितलं. मग आपल्या गाडीवरून दोन वायरी जोडल्या, बाळासाहेबांना बटण दाबायला सांगितलं आणि दिवे लागले.

"हे जीपवरून झालं असतं?" बाळासाहेबांनी विचारलं.

"झालं असतं की."

नारायणगावला ते पोचले तेव्हा दुसरी पंगत बसली होती. मांडवात अक्षता पायाखाली येत होत्या. मामासाठी आणलेला फेटा गोरखच्या डोक्यावर होता. शरमेने बाळासाहेबांना पुढे पाऊल टाकवेना. शीलाच त्यांच्याकडे आली.

"तीनदा पुकारलं दादा, मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं म्हणून. पोरगी जागची हलंना. शेवटी भावजींनी हात धरून नेली."

गोरख जवळ आला. "काय झालं व्हतं गाडीला, पावणं?"

मोठा बिघाड होता म्हणून सांगता आलं असतं. जिभेवर आलंही होतं. पण समोर शीला उभी होती, सकाळपासून रडून डोळे सुजलेली.

"दिव्यानं बॅटरी उतरली होती. तू म्हणालास तेच."

"पण दिवा लावला कशाला रातभर?" शीलाने विचारलं.

"ओसरीवरून गाडी दिसावी म्हणून. कुणी हात लावला तर कळावं..."

शीलाने गोरखकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"कोण हात लावणार व्हतं, दादा? घरात आमीच तर व्हतो."