सुजलेली बोटं

चष्म्याच्या काचा घासण्यात वहिनीचा हात धरणारं कारखान्यात कोणी नव्हतं. धाकटी नणंदही तिथंच तपासणीला, म्हणून सगळे तिला वहिनीच म्हणत. दोघी एकाच डब्यातून जेवायच्या. सासू गेल्यापासून वहिनीला काही गोड लागेना, डॉक्टरांनी मनासाठी गोळ्या दिल्या. हे तिनं फक्त नणंदेला सांगितलं.

"या कानाची त्या कानाला खबर लागायची नाही," नणंद म्हणाली.

थोड्याच दिवसांत मुकादमानं वहिनीला खोकी भरायला बसवलं. "डोक्याच्या गोळ्या चालू आहेत म्हणे. काचेचं काम, उगाच जोखीम कशाला?" तिच्या मशीनवर नणंद बसली.

वहिनी भांडली नाही. नणंदेशी बोलणं बंद केलं, गोळ्याही. झोप उडाली ती उडालीच. मग सकाळी बोटं वळेनाशी झाली; सांधे सुजून गरम लागायचे, कप धरताना कळ यायची.

सांध्यांच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. अंगात सूज धुमसत होती.

"झोप कशी आहे? मनावर ताण?"

"काही नाही."

औषधाचा म्हणावा तसा गुण येईना. पुढच्या खेपेला बाईंनी पुन्हा तेच विचारलं, तशी वहिनी उसळली, "दुखतात बोटं आणि विचारता मनाचं! एकदा सांगून हात पोळलेत माझे." मग रडत रडत सगळंच बाहेर पडलं.

बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "ताणामुळेच आजार झाला असं नाही म्हणणार मी. पण शरीराची राखण करणारी फौज असते ना, तिला ताण आणि जागरण निवांत बसू देत नाहीत. तुमची फौज तुमच्याच सांध्यांवर तुटून पडलीय. सूज मनाला खचवते, खचलेलं मन सूज वाढवतं. उपचार दोन्हीकडून करायला हवेत."

"म्हणजे अंगही उलटलं," वहिनी म्हणाली. "घरच्यांसारखं."

औषध बदललं, मनाच्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. हळूहळू झोप आली, बोटं सैलावली. तिनं कारखाना सोडून चष्म्याच्या दुकानात काम धरलं.

एके दिवशी नणंद घरी आली. "वहिनी, गोळ्यांच्या गुंगीत तुझा हात कापला जाईल म्हणून मुकादमाला सांगितलं गं. मशीन मी मागितलं नव्हतं."

"नको तरी कुठं म्हणालीस?"

वहिनीनं चहा दिला, पण स्वतः घेतला नाही.

निघताना नणंदेनं विचारलं, "बोटं कशी आहेत?"

"बरी आहेत."

सकाळी बोटं अजून आखडायची. पण ते वहिनी आता फक्त डॉक्टरांनाच सांगायची.